अंधारखोलीतला दिवा

आमचे हे हैदराबादेत शिकले, उर्दूतून, आन् तिथंच वनस्पतींच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. छप्पन साली हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, आमचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला आन् ह्यांचं काम कुणाच्याच वाटणीला आलं न्हाई. मग बिऱ्हाड गुंडाळून सेलूला, सासरी. घरचं सरकीचं दुकान व्हतं, त्यात नीट बसावं की न्हाई? ह्यांनी चिंचेची रोपं मांडली.

चिंचेची पानं सांजेला मिटतात हे शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. ह्यांचं म्हणणं, सूर्य दाखवलाच न्हाई तरी ती आपल्या वेळेला मिटतात, उघडतात. झाडाच्या आतच घड्याळ हाय. मी म्हटलं, असंल बापा, त्यानं पोट भरतं का?

मागची सरकीची खोली ह्यांनी फटी लिंपून काळीकुट्ट केली. पानाला काडी बांधली, काडीचं टोक चावीवर हळूहळू फिरणाऱ्या, काजळी धरलेल्या कागदावर. पान हाललं की रेघ उठायची. सकाळी हे चाचपडत कागद बदलून यायचे, सांजेला दुकानाच्या गल्ल्यावर. आत उजेड न्यायचा न्हाई, अशी घरात सगळ्यांना ताकीद व्हती.

पुण्याच्या एका प्रोफेसरांना ह्यांनी कळवलं. खरं निघालं तर माझ्याकडं कामाला या, असं त्यांचं उत्तर आलं. त्या दिवशी ह्यांच्या तोंडावर मी लग्नानंतर पहिल्यांदा हसू बघितलं. खोटं कशाला बोलू, मीबी मनातल्या मनात पुण्याला बिऱ्हाड मांडलं.

प्रोफेसर आले. दुपारभर रेघा बघून लय खूश झाले. सांजेला सगळे ओसरीवर चहा घेत बसलो व्हतो. एरवी त्या वेळेला मी चुलीपुढं असते. तेवढ्यात आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, लिंगपूजा आटपून दिवा घेऊन निघाल्या. दिवेलागणीला घरातली एकबी खोली अंधारी ठेवायची न्हाई, हा त्यांचा नेम. माजघर झालं, कोठी झाली. मग त्यांनी कमरेची किल्ली काढली आन् मागची खोली उघडली.

ह्यांच्या हातातली कपबशी हातातच राहिली. प्रोफेसरांनी हळूच विचारलं, रोज नेता का दिवा?

"रोज म्हंजे? एक सांज चुकली न्हाई. लेकाचं काम हाय आत, ती खोली अंधारी कशी ठेवू?"

"आई, आत उजेड न्यायचा न्हाई म्हटलं व्हतं ना मी?" हे म्हणाले.

"उजेड कुठं नेला रे? देवाचा दिवा नेला."

प्रोफेसर भला माणूस. पुन्हा करून बघा, म्हणाले, आन् गाडीला निघून गेले. रोपांनी रोज त्या दिव्यावरूनच वेळ धरली नसंल कशावरून, एवढंच जाताना बोलले.

मी रात्री ह्यांच्याशी भांडले. आत्याबाईंना सांगा काय झालं ते, दिवा बंद करा, पुन्हा मांडा.

"तिनं माझ्यासाठीच नेला, उमा," हे म्हणाले. "आपल्या हातानं लेकाचं वाटोळं झालं हे कळलं, तर ती दिवा लावायचीच न्हाई कधी."

रोपं परसात गेली, खोलीत सरकी आली. पुण्यात दुसरं कुणीतरी लागलं. आत्याबाई अजून रोज त्या खोलीत दिवा नेतात आन् प्रोफेसराच्या नावानं बोटं मोडतात, मेल्याला माझ्या लेकाची कदर न्हाई म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. आन् हे, दुकानातून आले असले तर, मुकाट उठून त्या दिव्याला हात जोडतात.