दोन तारा

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. पण कापड कापणारी नव्हे. माझे लांब दांडे दोन्ही हातांनी धरावे लागतात आणि माझी चोच काटेरी तार तोडते. जर्मनीतल्या झोलिंगेन शहराच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला, तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. फ्रान्सच्या मातीत खंदक खणून दोन्ही फौजा तीन वर्षे समोरासमोर बसल्या होत्या. मधे काटेरी तारांचे रान. सरळ रांगेत धावणारी माणसे मशीनगनपुढे गवतासारखी पडत.

मला वेंडेलिनच्या हाती दिले गेले. हा मोझेल नदीकाठी द्राक्षमळ्यात राबणारा गडी. त्याच्या तुकडीत सार्जंट धरून आठ जण होते. सार्जंट हाबरकोर्न त्यांना आघाडीमागच्या बिटाच्या शेतात नवी रीत शिकवत.

"रांग विसरा! लहान टोळीनं, खड्ड्याखड्ड्यातून पुढं सरका. मशीनगन दिसली तर तिच्याशी भांडत बसू नका, बाजूनं निसटा. मागचे बघून घेतील. आणि कुणीही पडला तरी थांबायचं नाही. थांबलात की सगळे मेलात."

वेंडेलिन हसून म्हणाला, "आणि तुम्हीच पडलात तर, सार्जंट?"

"तर माझ्या अंगावरून जा. फक्त आधी बूट पुस, गाढवा!"

सगळे खो खो हसले.

मार्च महिन्यातल्या एका पहाटे दाट धुके होते. तोफा थांबताच आम्ही निघालो. मी आठ तारा कापल्या. वाट मोकळी झाली. सगळे पार झाले, सार्जंट सर्वांत शेवटी होते. तेवढ्यात जवळच गोळा फुटला आणि ते बाजूच्या तारांत फेकले गेले. पाय मोडला होता, दोन्ही हात अडकले होते.

"वेंडेलिन! कात्री आण रे! दोनच तारा आहेत, दोनच!"

वेंडेलिनची बोटे माझ्या दांड्यांवर घट्ट आवळली गेली. मला वाटले, आता हा वळणार. एक श्वासभर तो थांबला. मग पुढे धावला.

दुपारपर्यंत आम्ही इंग्रजांचे तीन खंदक ओलांडले. सातही जण जिवंत होते. अधिकाऱ्यांनी पाठ थोपटली. वेंडेलिन त्या तारांकडे मागे परतला. सार्जंटची मान खाली कलली होती. त्याने मला उघडले. खरोखरच दोनच तारा होत्या.

काही महिन्यांत जिंकलेली जमीन परत गेली, जर्मनी युद्धही हरली. वेंडेलिन मला घेऊन सार्जंटच्या घरी गेला. त्यांच्या पत्नीने, ओटिलीबाईंनी, त्याच्यापुढे बटाट्याचे सूप ठेवले.

"त्यांना फार त्रास झाला का हो?"

"नाही, वहिनी. क्षणात गेले. हाक मारायलाही वेळ मिळाला नाही."

बाईंनी डोळे मिटले. "देवाची दया," त्या म्हणाल्या.

मला वाचा असती, तर मीही तेच सांगितले असते.

सूप तसेच टाकून तो उठला. मी टेबलावरच राहिले. ओटिलीबाईंनी मला पुसले, तेल घातले आणि पुढे कित्येक वर्षे माझ्याकडून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी कापून घेतली. त्या गेल्यावर मी अडगळीत पडले. आता माझा सांधा गंजला आहे.

मित्रांनो, कुणाच्या हाती लागले तर मला तेलाचे दोन थेंब द्या आणि कोंबड्यांच्याच कामाला लावा. ते काम चालू असले की मला ती हाक ऐकू येत नाही.