सारखे दिसणारे व्हिडिओ

सुनेला जुळं झालं त्या वर्षी घरातला एकूण एक फोन भरून गेला होता. पोरी झोपल्या की फोटो, जागल्या की फोटो, एकीने दुसरीच्या नाकात बोट घातलं की त्याचा व्हिडिओ, आणि तो लगेच सगळ्यांच्या फोनवर. त्यामुळे संध्याकाळी कामावरून आल्या आल्या, चप्पलही न काढता, मावशीने आपल्या मुलासमोर फोन धरला तेव्हा त्याला काही नवल वाटलं नाही.

"बघ रे, सकाळी मामाचा व्हिडिओ आलाय. नुसतं गोल गोल फिरतंय. उघडत नाही."

"जागा संपलीय, आई. किती वेळा सांगितलं, नको ते काढून टाकत जा."

"मला नको ते पाठवतं कोण? तूच ना?"

आतून सून हसली. "बरोब्बर बोललात, आई! काल एका जांभईचे सात फोटो पाठवलेत यांनी."

"दे इकडे," मुलगा म्हणाला. "करतो मोकळा."

मावशीने फोन दिला आणि ती तोंड धुवायला गेली. पुढे किती तरी दिवस तिला या एका गोष्टीचा स्वतःवरच राग येत राहिला, की आपण फोन दिला आणि तोंड धुवायला गेलो.

ती शिलाईच्या कारखान्यात काजं करायची. शर्टांचे ढीग यायचे, ती बटणांची भोकं पाडून शिवायची. गळ्यात लहान कात्री अडकवलेली असायची, घरीसुद्धा. तिथे सगळे तिला मावशी म्हणत, मालकसुद्धा. मशीनवर बसताना फोन बाहेर कपाटात ठेवावा लागे. म्हणून सकाळी आलेला व्हिडिओ तिने जेवणाच्या सुट्टीत पहिल्यांदा उघडायचा प्रयत्न केला होता, आणि तेव्हापासून ते चाक फिरतच होतं.

मामा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. शाळेत कुणी घेतलं नाही, त्यामुळे लिहिणं-वाचणंही नाही. पण लहानपणी या दोघा भावंडांनी हातांची एक भाषा केली होती. ती कुणी शिकवलेली नव्हती, घरातच उगवली. आईसाठी हनुवटीवर बोट ठेवायचं, कारण आईच्या हनुवटीवर भाजल्याचा डाग होता. बापासाठी मूठ आपटायची. का ते सांगायला नको. दिवा मालवल्यावर भांडण अर्धवट राहिलं असेल तर दोघं एकमेकांच्या तळहातावर भांडत, आणि शेवटचा चिमटा कोण काढतो यावर पुन्हा भांडत. आई-बाप गेल्यावर ही भाषा येणारी जगात दोनच माणसं उरली. कुणी भावाला मुका म्हटलं की मावशीच्या डोक्यात तिडीक जायची. "तो चांगला घडाघडा बोलतो," ती म्हणायची. "तुम्हाला ऐकू येत नाही."

भाऊ दुसऱ्या गावात फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करी आणि तिथेच मागच्या खोलीत राही. लग्न केलं नाही. फोन हातात आल्यापासून तो रोज संध्याकाळी पॉलिशच्या डब्याला फोन टेकवून भिंतीसमोर उभा राहायचा आणि दिवसभराचं सगळं सांगायचा. कारखान्यातल्या मिस्त्रीने नवीन दात बसवून घेतले आणि ते शिंकेबरोबर उडाले, हे त्याने सलग तीन दिवस सांगितलं होतं. दर वेळी दात थोडे जास्त लांब उडत. मावशी स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला फोन टेकवून उत्तर द्यायची. तेव्हा सून म्हणायची, "आई, गॅस बंद करून बोला हो. हातवारे करताना पदर जाईल ज्योतीत."

पॉलिशच्या वासाने भावाची छाती खराब झाली होती. दोन दिवसांपूर्वी मिस्त्रीचा फोन आला, की श्वास लागला म्हणून त्याला दवाखान्यात ठेवलंय. "पण काळजी नको," मिस्त्री म्हणाला होता. "सलाईन लावलीय, मजेत आहे." मावशी सुट्टीच्या दिवशी जाणार होती.

ती तोंड पुसत बाहेर आली तेव्हा मुलगा खुशीत होता.

"घे. अर्धा फोन रिकामा. आता वर्षभर बघायला नको."

मावशीने भावाचं नाव उघडलं. तिथे काही नव्हतं. वर त्याचा गोल फोटो आणि खाली कोरी भिंत.

"व्हिडिओ कुठाय?"

"कुठला?"

"मामाचा. सकाळचा. आणि बाकीचे?"

"अगं, सगळ्यात जास्त जागा त्यानेच खाल्ली होती. फोनच दाखवतो, कोणाचं किती ते. मामा एक नंबरला! मी सगळं निवडलं आणि साफ केलं."

"सकाळचा मी पाहिला नव्हता."

"मग नवीन पाठवायला सांग. त्यात काय एवढं? सगळे सारखेच तर होते. तीच भिंत, तोच शर्ट, तेच हात. एक पाहिला की सगळे पाहिले."

मावशीने फोटोंचा कप्पा उघडला. जुळ्यांचे फोटो होते तसे होते. दुपट्यात गुंडाळलेल्या दोघी, त्याच दोघी, पुन्हा त्याच दोघी, एकाच पाळण्यात, एकाच उजेडात.

"आणि हे? हे सारखे नाहीत?"

"आई, त्या नाती आहेत तुझ्या!"

"मग तो कोण आहे माझा?" ती ओरडली. घरात तिचा आवाज कधी एवढा चढला नव्हता. आत एक पोर दचकून रडायला लागली, तिचं ऐकून दुसरी. "तुझी बायको माहेरी जाते तेव्हा रोज फोनवर बोलतोस, ते सगळं सारखंच असतं ना? जेवलीस का, झोपलीस का. एकदा ऐकलं की झालं. मग कशाला बोलतोस रोज?"

"अगं, ते बोलणं असतं..."

मुलगा तिथेच थांबला. पण वाक्य अर्धवट राहिलं तरी पोचायचं तिथे पोचलं होतं.

"हं," मावशी म्हणाली. "ते बोलणं असतं."

सून पोरीला खांद्यावर घेऊन बाहेर आली. "अहो, परत मागवता येत नाही का ते?"

मुलाने खूप खटपट केली. आता त्याचेही हात घाईने चालत होते. गेलेलं परत येत नव्हतं. पुन्हा पाठवायला सांगावं म्हणून मावशीने स्वतःचा व्हिडिओ करून धाडला, तो पोचला नाही. भावाचा फोन बंद होता. मिस्त्रीला विचारलं, तर तो म्हणाला, "सकाळी मीच धरला होता की फोन, तो हात हलवत होता तेव्हा. बराच वेळ हलवले. मला काय कळतंय त्यातलं? म्हटलं, बहिणीची आठवण काढतोय."

"तोंड कसं होतं त्याचं?"

"तोंड? आता आजारी माणसाचं असतं तसं."

"आत्ता जाऊन बघता का?"

"आता सोडत नाहीत आत. उद्या जाईन ना. तुम्ही उगाच घोर लावून घेताय."

मावशीला त्या वेळीच निघायचं होतं. शेवटची बस गेली होती. मुलगा म्हणाला, सकाळी मी येतो बरोबर. ती म्हणाली, "नको येऊस. तुला ऑफिस आहे." तो म्हणाला, येतो. त्या रात्री ती त्याच्याशी याहून जास्त बोलली नाही, आणि सकाळी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. त्याने पाण्याची बाटली पुढे केली तर तीही घेतली नाही.

दवाखाना मोठा होता. वॉर्डात ओळीने खाटा. भाऊ खिडकीपासून दुसऱ्या खाटेवर होता. तिने लांबूनच त्याला ओळखलं आणि हात वर केला. त्याने तिला पाहिलं, पण त्याचे हात हलले नाहीत.

जवळ गेल्यावर दिसलं. दोन्ही मनगटं बँडेजच्या पट्टीने खाटेच्या दांड्यांना बांधलेली होती. एका मनगटाखाली सलाईनची सुई. पट्टीच्या कडेला कातडी लाल होऊन सोलली होती. तो तोंड उघडून तिच्याकडे बघत होता आणि त्याची बोटं, बांधलेल्या हातांची बोटं, चादरीवर तुटक तुटक हलत होती.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोणी बांधलं याला?"

सिस्टर टेबलावर काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आजी, हळू. पेशंट झोपलेत."

"कोणी बांधलं विचारतेय मी!"

"सलाईन काढून टाकतात ना ते. कालपासून सारखे हात उडवत होते. सांगून ऐकत नाहीत."

"ऐकणार कसा? त्याला ऐकू येत नाही! लिहिलंय ना कागदावर?"

"लिहिलंय हो. म्हणून तर बांधले. समजवायचं कसं मग?"

"तो बोलत होता!" मावशी म्हणाली. तिचा आवाज सगळ्या वॉर्डात गेला, झोपलेले उठून बसले. "हाताने बोलतो तो. बोलणाऱ्या माणसाचं तोंड बांधता का तुम्ही? बोळा कोंबता? माझ्या भावाला बोळा कोंबून ठेवलाय तुम्ही कालपासून!"

सिस्टर उठल्या. तरुणच होत्या, आणि रात्रभराच्या कामाने डोळे लाल झालेले. "मला डॉक्टरांना विचारावं लागेल," त्या म्हणाल्या.

"विचारा." मावशीने गळ्यातली कात्री काढली. काजाच्या आतलं कापड एका झटक्यात उघडणारी ती कात्री. तिने पट्टीखाली आपलं बोट घातलं, म्हणजे टोक लागलं तर आपल्याला लागेल, आणि कच्कन कापलं.

"अहो, काय करताय! सुई आहे तिथे!"

"सुईच्या बाजूचा तुम्ही सोडा. मी हात लावत नाही. पण सोडा."

मुलगा पुढे झाला. "सिस्टर, सोडा प्लीज. आई बसेल त्यांच्याजवळ. काही झालं तर मी जबाबदार."

"तू गप्प बैस," मावशी म्हणाली. "जबाबदार म्हणे!"

सुटलेल्या हाताने भाऊ बोलायला लागला होता. पण त्यांच्या भाषेला दोन हात लागतात. एका हाताने तो अर्धाच शब्द काढी, दुसरा अर्धा दांडीपाशी अडकून राही. बोलताना अडखळणारा माणूस चिडतो तसा तो चिडत होता. सिस्टर बघत होत्या. मग त्यांनी दुसरी पट्टी सोडली आणि सुई सांभाळून त्याचा हात उशीवर ठेवला.

भाऊ बोलला. बराच वेळ बोलला, मधे मधे दम घेत. आधी त्याने मावशीला फैलावर घेतलं, की होतीस कुठे, इतका वेळ. मावशीचे हातही चालले. मग त्याने शेजारच्या खाटेकडे बोट केलं आणि मावशीचे हात थांबले.

"काय म्हणतायत?" सिस्टरनी विचारलं.

मावशी एकेक शब्द मोठ्याने सांगत गेली. "म्हणतोय, काल सकाळी त्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचे हात बांधताना पाहिलं. म्हणून मी भ्यालो. म्हणून लगेच बहिणीला सांगितलं, की यांना फोन कर. यांना सांग, मी सुई काढणार नाही. शहाण्यासारखा पडून राहीन. पण माझे हात बांधू नका. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग हे बांधायला आले तेव्हा मी झटापट केली, त्यात सुई निघाली."

सिस्टर खाली बघत होत्या. "मला कुणी सांगितलं असतं तर..." त्या म्हणाल्या आणि गेल्या. थोड्या वेळाने मलम घेऊन आल्या आणि त्याच्या मनगटांना लावू लागल्या.

मुलगा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. भावाचं आता त्याच्याकडे लक्ष गेलं. त्याने दोन्ही गाल फुगवले आणि त्यांवर बोटांनी हलकेच टिचक्या मारल्या.

"काय होतंय त्याला?" मुलगा घाबरून पुढे आला. "श्वास अडकतोय का? डॉक्टरना बोलावू?"

"नाव घेतोय तुझं."

"माझं?"

"लहानपणी गुबगुबीत होतास. तू रांगायला लागलास तेव्हापासून हेच नाव आहे तुझं. रोज तुझी विचारपूस करायचा. रोजच्या व्हिडिओत असायचास तू."

भाऊ पुन्हा गाल फुगवून काहीतरी विचारत होता. तळहाताचा फोन केला, बोट डोळ्यापाशी नेलं, आणि भुवया वर करून थांबला.

"आता काय विचारतोय?"

"विचारतोय, तू पाहिलास का व्हिडिओ. आई कामावर असते, पण तू तर पाहिला असशील, असं म्हणतोय."

"आई, सांग ना त्याला काहीतरी."

"मी नाही सांगणार," मावशी म्हणाली. "तू सांग."

मुलाने हात वर केले. ते छातीपाशी येऊन तसेच राहिले. कोणतं बोट कुठे न्यायचं, त्याला काही ठाऊक नव्हतं. समोर भाऊ उशीला टेकून, नीट लक्ष देऊन, बोलायला वेळ लागणाऱ्या माणसासाठी थांबावं तसा थांबून होता.

मावशीने पंधरवड्याची रजा टाकली आणि ती त्याच्या खाटेपाशीच राहिली. भावाचा दम पुन्हा वाढत गेला, आणि पुढच्याच मंगळवारी, दुपारी, बहिणीशी बोलता बोलता तो वारला.