सोनेरी ब्रश

टेबलक्लॉथखाली रोस्विताने नवऱ्याच्या तळहातावर बोटाने नऊ ठोके दिले आणि दुसऱ्या हाताने कॉफी ढवळत राहिली. फोल्कमारने कपाळाला आठ्या घातल्या, छताकडे पाहिलं, थोडा वेळ घेतला आणि चिठ्ठीवर ठळक नऊ काढला. आठ्या घालायचं नाटक त्याला आता छान जमायला लागलं होतं.

पडद्यामागची मोटर थांबली. मंडळाचा सेक्रेटरी थेओ याने पडदा सरकवून यंत्र दाखवलं. नऊ नंबर. हॉलंडचा, १९५६ सालचा, अंड्याच्या आकाराचा फिकट हिरवा व्हॅक्यूम क्लीनर. सभागृहात टाळ्या पडल्या.

"काय राजे, कान आहेत की काय आहेत," पलीकडच्या टेबलावरून लोथार म्हणाला. "विकायचे असतील तर सांग. दोन नकोत, एकच पुरे मला."

फोल्कमार हसला, पण क्षणभर उशिरा. लोथारला भरघोस मिशी होती आणि मिशीवाल्यांचे ओठ वाचता येत नाहीत, हे त्या सभागृहात फक्त रोस्विताला माहीत होतं.

जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवणाऱ्यांचा हा मेळावा दर वर्षी एप्रिलमधल्या एका शनिवारी जर्मनीतल्या झोस्टजवळच्या एका गावात, नेमबाज मंडळाच्या लाकडी सभागृहात भरायचा. सकाळभर कोणी कुठल्या अडगळीतून काय उचलून आणलं ते दाखवलं जायचं, पट्टे आणि पिशव्यांची अदलाबदल व्हायची, आणि शेवटी हा खेळ. फळ्यावर बारा यंत्रांची नावं नंबर घालून लिहिलेली असत. रंगमंचावर पडद्यामागे त्यातलं एक सुरू करायचं आणि बाकीच्यांनी नुसत्या आवाजावरून नंबर लिहायचा. बक्षीस काय, तर फरशीचा जुना ब्रश, दर वर्षी नव्याने सोनेरी रंग फासलेला. फोल्कमारने तो सहा वर्षं लागोपाठ घरी नेला होता. पहिली दोन वर्षं स्वतःच्या कानांनी, नंतरची चार रोस्विताच्या.

चार वर्षांपूर्वी एकदा ती स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "अरे, या मशीनचं बेअरिंग किती रडतंय." तो त्याच मशीनशेजारी बसून समाधानाने स्क्रू पुसत होता. त्याने मान वर केली नाही, तेव्हाच तिला कळलं. दुसऱ्या दिवशी त्याने हाक मारली, "रोस्विता, जरा येतेस? हे कसं वाटतंय बघ." त्यानंतर रोजच. बहिरा हा शब्द घरात एकदाही उच्चारला गेला नाही. कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा. यंत्राच्या पोटावर तळवा ठेवून, गाभण गाईजवळ बसावं तसा तो बसलेला असायचा आणि ती सांगायची, कुठे घासतंय, कुठे शिट्टी वाजतेय. हे तळवा ठेवणं तिला त्याचं प्रेम वाटायचं, यंत्रावरचं.

घरात एकेचाळीस यंत्रं होती. बाहेर जाताना तिला हॉलमधून आडवं होऊन जावं लागे. त्यांच्या इमारतीत दुपारी एक ते तीन आणि रविवारी दिवसभर आवाज करायला बंदी, त्यामुळे यंत्रं बंद असली की तेवढ्याच वेळात ती मोकळी. त्या वेळात ती झपझप गावात जायची. रविवारी दुकानं बंद असायची. बंद दुकानांच्या काचांत बघून ती परत यायची. आपण या माणसाचा अवयव झालो आहोत, असं तिला वाटायचं, आणि अवयवाला सुटी कोण देतं?

सिल्के, त्यांची मुलगी, दूर कीलला राहायची. तिचं दुसरं बाळ नऊ दिवसांवर आलं होतं.

"आई, सहा आठवडे मागतेय मी," ती फोनवर म्हणाली होती. "आयुष्यभर नाही."

"कंबर धरलीये गं माझी," रोस्विता म्हणाली.

"तुझी कंबर दर वेळी माझ्याच बाळंतपणाला कशी धरते?"

पहिल्या बाळाच्या वेळी ती दोनच दिवस जाऊन आली होती. एक रविवार आणि त्याला जोडून आलेली सुटी. फोन ठेवल्यावर ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली. नळ सोडायची काही गरज नव्हती, हे नंतर तिच्या लक्षात आलं.

म्हणून आज ती ठरवून आली होती. शेवटच्या फेरीत ती चुकीचा नंबर देणार होती. ब्रश लोथारकडे जाईल, लोक चार प्रश्न विचारतील, फोल्कमारला कानात मशीन घालावं लागेल. मग घरात तिचं काम उरणार नाही. विचार करून करून तिला एवढाच दरवाजा सापडला होता.

"शेवटची फेरी," थेओ म्हणाला. "लोथार आणि फोल्कमार बरोबरीत. आणि मंडळी, एकच्या आत आटपा. गेल्या वर्षी एक वाजून चार मिनिटांनी पलीकडच्या बाईंनी पोलिसांना फोन केला होता."

"त्या बाईला बोलव ना खेळायला," लोथार म्हणाला. "तिचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

हशा थांबला आणि मोटर सुरू झाली. खाली जड घुमणं आणि वर बारीकशी शीळ. स्वीडनचं, चाकांऐवजी धातूच्या पट्ट्यांवर घसरणारं, लांबोडकं. चार नंबर. रोस्विताला पहिल्या श्वासातच कळलं. फोल्कमारचा हात टेबलाखाली नेहमीसारखा उघडा पडला होता, गरम आणि कोरडा. तिने ठोके दिले. एक, दोन, तीन, चार. इथे बोट जरा अडखळलं. मग पाच, सहा, सात.

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. आठ्याही घातल्या नाहीत. तसाच बसला, मग पेन उचललं.

थेओने दोन्ही चिठ्ठ्या उघडल्या. "लोथार, तीन. फोल्कमार, चार." त्याने पडदा सरकवला. "चार. घ्या, यंदाही यांचाच."

टाळ्या वाजल्या. रोस्वितानेही वाजवल्या. आपण मोजताना चुकलो का, हे ती मनात पुन्हा पुन्हा पडताळत होती. सात ठोक्यांचे चार कसे होतील? तिचा नॅपकिन खाली पडला, तो उचलायला ती वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

फोल्कमारचा डावा बूट काढून बाजूला ठेवलेला होता. मोज्यातलं पाऊल लाकडी फळीवर सपाट टेकलेलं होतं आणि ती फळी सरळ रंगमंचाखाली जात होती. दर वर्षी तो बूट काढायचा, कुरूप दुखतं म्हणून. दर वर्षी रंगमंचाला चिकटून असलेलंच टेबल मागून घ्यायचा.

दोघं गाडीपाशी आली. गाडी आता तीच चालवायची. ती बसली, तो शेजारी बसला. सोनेरी ब्रश तिच्या मांडीवर होता. तिने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"सात का दिलेस?" त्याने विचारलं.

त्याला ओठ दिसावेत म्हणून ती त्याच्याकडे वळली. "चुकून."

"तू चुकत नाहीस."

"पायाने कळतं तुला," ती म्हणाली.

तो काचेतून बाहेर बघायला लागला. तिने हनुवटीला धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"किती दिवस झाले?"

"स्वीडनचं टाचेत येतं," तो म्हणाला. "हॉलंडचं बोटांत. इंग्लंडची सगळी घोट्यापर्यंत चढतात." बोलताना त्याच्या चेहऱ्यावर कौतुक मागणाऱ्या पोरासारखा भाव आला आणि तिचा चेहरा पाहून विझला. "तीन वर्षं झाली असतील. घरी हाताने कळतं."

"तीन वर्षं."

"पहिल्या वर्षी खरंच काही कळत नव्हतं, रोस्विता."

"आणि मग? रोज मला हाका का मारायचास? सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू हात काढून घेतला असतास."

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. रस्त्याने चालताना या माणसाने कधी तिचा हात धरला नव्हता. तिला त्याची दया आली, खरोखर आली, आणि त्या दयेच्या खालून राग असा वर आला की तिने ब्रशची मूठ घट्ट धरली.

"सिल्केचं पहिलं बाळ मी दोन दिवस बघितलं, फोल्कमार. दोन दिवस."

"मला वाटलं, तुला जायचं नसतं."

"विचारलंस कधी?"

"विचारलं असतं, तरी उत्तर ऐकू आलं नसतं," तो म्हणाला. त्याने हा विनोद केला होता. ती हसली नाही, तेव्हा त्याने मान खाली घातली.

तिने पर्समधून फोन काढला. बोलताना तोंड मुद्दाम त्याच्याकडे ठेवलं.

"सिल्के? मी आहे. सोमवारी सकाळच्या गाडीने येतेय. हो, सहा आठवडे. नाही गं, कंबरेला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं." मग थोडा वेळ ती नुसती ऐकत राहिली. "बाबा बरा आहे. राहील तो. त्याला सगळं कळतं."

तिने फोन ठेवला. सभागृहाच्या दारात थेओ खुर्च्यांवर खुर्च्या रचत होता. एक वाजून गेला होता आणि गावात कुठेच काही वाजत नव्हतं.

फोल्कमारने दोन सीटांच्या मध्ये आपला हात ठेवला. उताणा, तळवा उघडा, टेबलक्लॉथखाली ठेवायचा तसाच.

रोस्विताने त्या हाताकडे पाहिलं. मग मांडीवरचा ब्रश उचलून त्यात ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून मुठीवर मिटवली. सोनेरी रंग नीट वाळलेला नव्हता. तिने आपली बोटं स्कर्टला पुसली आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू झाल्याचं ती एरवी त्याच्या गुडघ्यावर थोपटून सांगायची. आज तिने थोपटलं नाही.