ऑगस्ट लिंडचं रीळ

मित्रांनो, मी हॉलिवूडमधल्या एका जुन्या सिनेमाचं रीळ आहे. पडद्यावर मात्र मला मोजक्याच लोकांनी, तेही एकदाच पाहिलंय. आमच्या सिनेमात सगळा मसाला होता: उष्ण बेटावरचं बंदर, चोरलेले नकाशे, गुप्तहेर सुंदरी आणि तिच्यावर भाळलेला कप्तान. बेट कसलं, स्टुडिओमागचं डबकं आणि प्लास्टरची ताडाची झाडं!

माझ्यात ऑगस्ट लिंड होता. बंदरावरच्या खानावळवाल्याचं काम त्याचं. सुंदरीला पळता यावं म्हणून तो स्वतः शत्रूच्या गोळ्यांसमोर जातो. जन्मभर गर्दीत उभं राहिलेल्या या नटाला पहिल्यांदाच मोठा प्रसंग मिळाला होता. तो त्याने असा केला की दिवे सांभाळणारे कामगारही डोळे पुसू लागले. मला फार अभिमान वाटला.

पण प्रदर्शनाआधी सिनेमा निवडक प्रेक्षकांना दाखवून बघायची तिथली पद्धत. माझ्या वेळी लोक जांभया देऊ लागले. मोठे साहेब वैतागले, "खानावळवाल्याचं रडगाणं उडवा! लोकांना चुंबन हवंय!" झालं, मला कापून डब्यात घातलं आणि स्टुडिओच्या कोठारात टाकलं. त्याच हिवाळ्यात ऑगस्ट न्यूमोनियाने गेला.

त्याची बायको थिओडोरा दर वर्षी आमच्या कोठाराच्या दाराशी यायची. रखवालदार रेगन तिला तेच सांगायचा.

"बाई, ही फिल्म भसकन पेटते. बाहेरच्यांना दाखवायची नाही, असा नियम आहे."

"अहो, मला तो चालताना बघायचाय. फोटोत नुसता उभा असतो हो."

"पुढच्या वर्षी बघू."

अशी किती वर्षं गेली. मी आत तळमळत राहिलं. तिचे केस पांढरे झाले, रेगन निवृत्त झाला. काल नवा रखवालदार सहज म्हणाला, "या आजी, काढू या डबा."

झाकण उघडलं. माझा कुबट वासाचा चिकट गोळा झाला होता. त्याने मला जपून सोललं, तेव्हा आतली वीतभर पट्टी तेवढी धड निघाली. थिओडोराने ती खिडकीशी धरली. रिकामी खानावळ आणि एक उघडं दार, बस्स.

"माफ करा आजी, यात ते नाहीत."

"आत्ताच बाहेर पडलाय रे," ती म्हणाली. "बघ ना, दार अजून मिटलेलं नाही."

पट्टी उराशी धरून ती गेली. उरलेल्या मला उद्या जाळणार आहेत. मित्रांनो, मागणारं माणूस दारात आहे तोवरच डबा उघडा. रेगन काही दुष्ट नव्हता. तो फक्त 'पुढच्या वर्षी' म्हणाला.