कोयीचा एक्स-रे

आंब्याची कोय त्याने प्लेटच्या मधोमध ठेवली, प्रकाशाचा चौकोन आवळून तेवढ्यापुरता केला आणि काचेमागे येऊन दार लावून घेतले. जेवणाची सुट्टी होती, बाहेर पेशंटच्या बाकांवर कुणी नव्हते. त्याच्या शेजारी वडील उभे होते. डबा द्यायच्या निमित्ताने ते दवाखान्यात आले होते आणि पिशवीतून डब्याच्या आधी कोय निघाली होती.

"आत कीड असली तर महिनाभर फुकट पाणी घालत बसायचं," ते म्हणाले होते. "बाहेरून काही कळत नाही. तुझं मशीन कधी कामाला येणार?"

वडिलांनी चाळीस वर्षे शिंपीकाम केले होते. दुकान बंद केल्यापासून खाल्लेल्या फळाची बी टाकायची नाही, ही त्यांना लागलेली नवी खोड. स्वयंपाकघराच्या खिडकीत लिंबू, पपई आणि चिकू फुटक्या कपांतून, डब्यांतून नि लहान कुंड्यांतून वर आले होते. सून धुतलेली भांडी पालथी घालायला जागा शोधत फिरायची. पाणी मात्र ते कुणाला घालू देत नसत. तुम्ही बुडवाल, म्हणायचे.

सोमवारी याच खोलीत त्यांच्या छातीचा एक्स-रे निघाला होता. खोकला महिनाभर हटत नव्हता. काढणारा मुलगाच, आणि पडद्यावर उजव्या बाजूला काय आहे ते त्याने पाहिले होते. एकवीस वर्षांच्या नोकरीत असे डाग त्याला नवे नव्हते. पेशंटला आपण काही सांगायचे नाही, हा नियमही त्याने कधी मोडला नव्हता. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू न देता तो म्हणायचा, डॉक्टर सांगतील. वडिलांनाही तेच म्हणाला. डॉक्टर शुक्रवारी येणार होते आणि आज बुधवार होता. दोन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता, तरी वडिलांसमोर तो दुसऱ्यांदा वाढून घेत होता.

"हिला श्वास धरायला सांग की," वडील म्हणाले.

त्याला हसू आले. दोन दिवसांतले पहिलेच.

"श्वास घ्या," तो माइकवर म्हणाला. "धरा." बटण दाबले. "सोडा."

चित्र उमटले. कवचाच्या आत बी गच्च भरलेली होती, कुठे पोकळी नव्हती.

"ठणठणीत आहे, बाबा. लावून टाका."

वडिलांनी चित्राकडे ओझरते पाहिले. मग मुलाकडे, जरा जास्त वेळ.

"बरं," ते म्हणाले. "जेवून घे, गार होईल." कोय रुमालात बांधून ते निघून गेले.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा वडील ओट्याजवळ स्टुलावर बसले होते. हातात दुकानातली जुनी कात्री होती. त्यांनी कोयीच्या कडेला जराशी चीर दिली, टोक आत घातले आणि हलकेच पीळ दिला. कवच उघडले. आतल्या बीला ओरखडासुद्धा नव्हता. सगळे अर्ध्या मिनिटात झाले.

"बाबा, इतकं सोपं होतं, तर दवाखान्यात कशाला आणलीत? फोडूनच कळलं असतं."

"कळलं असतं."

ते बीवरची तपकिरी साल नखाने काढत राहिले.

"हिला तू लगेच सोडा म्हणालास," ते म्हणाले. "सोमवारी मी केवढा वेळ श्वास धरून उभा होतो. वाटलं, मशीन बिघडलं. शेवटी खोकला आला, तेव्हा सुटला."

त्याला आठवले. पडद्याकडे बघता बघता 'सोडा' हा शब्द त्याच्या तोंडातच राहिला होता. एकवीस वर्षांत एकदाच.

"डॉक्टर शुक्रवारी..."

"सांगतील. ते त्यांचं काम. टेप लावला की माणूस पोट आत घेतो, चाळीस वर्षं बघितलंय मी. कुणाला कधी बोललो नाही. तुलाही काही विचारत नाहीये."

शर्टाच्या कापडाचा एक तुकडा भिजवून, पिळून त्यांनी बी त्यात गुंडाळली.

"फडकं वाळू द्यायचं नाही. मोड आला की कुंडीत लावायची, फुगीर बाजू वर. ध्यानात ठेव."

"तुम्ही आहातच की," तो म्हणाला.

वडिलांनी पाण्याचा मग भरून त्याच्या हातात दिला आणि खिडकीकडे बोट दाखवले.

"लिंबापासून सुरू कर. हळू घाल. मी थांब म्हटलं की थांबायचं."

त्याने मग तिरका केला. माती काळी झाली, मग पाणी कुंडीखालच्या बशीत उतरू लागले. बशी भरली, पाणी ओट्यावर आले, तरी वडील थांब म्हणाले नाहीत. ते कुंडीकडे बघतच नव्हते. मुलाकडे बघत होते.