कचरूचा टाळ

"नाना, हा तिसरा प्लेअर. आता तरी नावं ठेवू नका," असे म्हणून इंद्रजीतने खुर्ची रिकामी केली.

बद्रीनाथ खुर्चीत बसला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चौकोनच चौकोन उगवले होते. सगळ्या चौकोनांत तेच चित्र आणि सगळ्या चित्रांखाली तेच नाव. त्याने चष्मा वर चढवला आणि काचेवर बोट टेकवून वाचू लागला. तिशी उलटल्यावर कंपनीतल्या एका फिटरने त्याला अक्षरओळख करून दिली होती. तेव्हापासून बोटाखालून गेल्याशिवाय अक्षरावर त्याचा विश्वास बसत नसे.

"अनोळखी कलाकार," त्याने वाचले. "हे कोन रं?"

"फाइलमध्ये गाणाऱ्याचं नाव नसलं की तसं येतं."

"आरं, अनोळखी कामून? मोतीराम हाय, भागूबाईचा दीर हाय, पाटलाचा गडी हाय. याने तर आख्खं चितेगाव अनोळखी करून टाकलं!"

स्वयंपाकघरातून श्रेया हसली. "नाना, प्लेअर परदेशातला. त्याला काय माहीत तुमचा मोतीराम?"

"पाव्हणा हाय तर इचारून घ्यावं की जरा."

इंद्रजीतही हसला. सुनेने आणि लेकाने हसावे म्हणूनच बद्रीनाथ असे बोलत होता. त्याचे लक्ष मात्र चौकोनांत नव्हते. त्याला एकच गोष्ट बघायची होती, आणि ती घरात कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

चितेगावच्या मारुतीपुढे दर शनिवारी भजन व्हायचे. कंपनीच्या पहिल्या बोनसातून बद्रीनाथने टेपरेकॉर्डर घेतला आणि तेव्हापासून तो टाळ सोडून यंत्राशीच बसू लागला. मंडळी गात, हा रेकॉर्ड करी. कॅसेटी साठत गेल्या, पत्र्याच्या पेट्या भरल्या. पुढे पैठण रस्त्याला कारखाने वाढले, रानांचे प्लॉट पडले, भजनातली माणसे काही शहरात गेली, काही कायमची गेली. बद्रीनाथही लेकाबरोबर औरंगाबादेत आला तो पेट्या घेऊनच. टेपरेकॉर्डर मोडल्यावर वर्षानुवर्षे त्या पलंगाखाली पडून होत्या. शेवटी इंद्रजीतने सुटीच्या दिवशी बसून एकेक कॅसेट, अभंगागणिक वेगळी फाइल करून, कॉम्प्युटरवर चढवली. त्या मावायला हार्ड डिस्क आणायला गेले, तेव्हा शहागंजातल्या दुकानदाराने विचारले होते, "चच्चा, इत्ता सब सुनता कौन?" बद्रीनाथ म्हणाला होता, "जो गा रहे, वोइच सुनते."

तेव्हा ते नुसते बोलण्यातून निघून गेले होते.

त्या मंडळाची एक रीत होती. टाळकरी वारला की त्याचे टाळ त्याच्या जागेवर, सतरंजीवर मांडून ठेवायचे. वर्षभर. त्यांना कुणी हात लावायचा नाही, त्या जागी कुणी बसायचे नाही. जाणाऱ्याला परत येऊन बसावेसे वाटले तर त्याची जागा मोकळी असावी, एवढाच त्यातला भाव.

कचरूचे टाळ मात्र कधी मांडले गेले नाहीत. कारण ते त्याने बरोबर नेले होते. सत्त्याऐंशीच्या दुष्काळात विहिरी आटल्या आणि गावात बोअर घेणारी गाडी आली. तिच्यावर मजूर म्हणून कचरू चढला, पिशवीत दोन कपडे आणि टाळ टाकून. गाडी दक्षिणेकडे गेली ती गेलीच. पत्र नाही, निरोप नाही. मंडळींनी वाट पाहिली. टाळ नाहीत तर मांडायचे काय, आणि मांडले नाहीत तर माणूस मेला म्हणायचे कसे? म्हणून मंडळाच्या लेखी कचरू जिवंत होता. त्याची बायको कडूबाई कपाळभर कुंकू लावत राहिली, ते याच आधारावर, असे बद्रीनाथला वाटत आले होते.

कचरूचा टाळ हजारात ओळखू यायचा. त्याच्या काठाची कपची उडालेली होती, त्यामुळे नाद जरा फाटका निघे. आणि दुसरे म्हणजे, अभंग संपून सगळे थांबले की कचरूचा एक ठोका मागून पडायचा. दर वेळी. मंडळी हसायची. "कचऱ्या, देव घरी गेला की रं!" असे कुणीतरी म्हणायचे. कचरू म्हणायचा, "जाऊ द्या. मी कुलूप लावून येतो."

महिन्यापूर्वी एका दुपारी बद्रीनाथ एकटाच ऐकत बसला होता. कॉम्प्युटरबरोबर आलेलाच प्लेअर तेव्हा चालू होता. पंचाण्णव सालचे भजन लागले होते. अभंग संपला, मृदंग थांबला, टाळ थांबले. कुणीतरी खोकले. आणि मग एक फाटका ठोका पडला.

बद्रीनाथ पडद्याकडे बघत राहिला. पंचाण्णव साल. कचरूला जाऊन तेव्हा किती वर्षे झाली होती!

त्याने पुढचे भजन लावले. ठोका. शहाण्णव, सत्त्याण्णव. ठोका. मग तो उलटा मागे मागे येत गेला. ब्याण्णवच्या चैत्रातल्या भजनात होता. त्याच्या आधीच्या, फाल्गुनातल्या भजनात नव्हता. त्याआधी थेट सत्त्याऐंशीपर्यंत कुठेच नव्हता. बाहेर ऊन रणरणत होते आणि बद्रीनाथने उठून पंखा बंद केला. ब्याण्णवचा चैत्र. म्हणजे तेव्हा कचरू गेला, कुठेतरी, कुणाच्या तरी शिवारात.

जाऊन थेट आपल्या जागेवर येऊन बसला होता गडी. आणि आपण शेजारी बसून बटणे दाबत होतो!

लेकाला त्याने एवढेच सांगितले, "या प्लेअरमधी एक ठोका जादा येतोय." इंद्रजीतने कसला तरी इफेक्ट बंद केला, आवाज घुमत असेल म्हणाला. ठोका गेला नाही. मग त्याने दुसरा प्लेअर आणला. साधा, करड्या रंगाचा, नुसत्या फाइलींची नावे दाखवणारा. बद्रीनाथने ज्या क्रमाने साले लिहिली होती त्याच क्रमाने त्यात दिसत. तो बद्रीनाथला फार आवडला. पण ठोका त्यातही होताच, उलट अधिक स्वच्छ.

आणि आता हा तिसरा.

त्याने पंचाण्णव शोधून लावले. अभंग संपत आला, आणि संपायच्या आतच पुढचा अभंग त्याच्यावर हळूच चढला. मधे जागाच राहिली नाही.

"हा शेवट कापतो. एक संपता संपता दुसरं सुरू करतो," इंद्रजीत म्हणाला. "नको असेल तर बंद करता येतं. तुम्हाला आवडणार नाही म्हणा. कॅसेटची खरखर काढली तर तुम्ही दोन दिवस बोलला नव्हता माझ्याशी."

"न्हाय, ऱ्हाऊ दे. हाच ठिव. ते दोन काढून टाक."

"करडासुद्धा? तो तर तुमचा लाडका."

"काढ म्हनलं ना."

इंद्रजीतने एकदा बापाकडे पाहिले आणि काढून टाकले.

बद्रीनाथने दोन-चार भजने त्यावर ऐकली. मंडळींचे खोकणे गेले, चहाच्या कपांची किणकिण गेली, मधेच कुणी "आरं, पान दे" म्हणायचे तेही गेले. माणसे दम न घेता गातच होती. पण त्याने मन घट्ट केले. एकादशीला कडूबाई यायची होती.

कडूबाई मुकुंदवाडीला लेकीकडे राहायची. टेपरेकॉर्डर होता तोवर ती दर एकादशीला यायची, भिंतीला टेकून बसायची आणि भजने ऐकायची, आधी कचरू असतानाची, मग पुढची. यंत्र मोडले तसे येणे थांबले. आता कॉम्प्युटरवर सगळे आले आहे हे कळल्यावर तिने तीनदा निरोप पाठवला होता. टेपरेकॉर्डरवर तो ठोका आपल्यालाही कधी ऐकू आला नव्हता, पण आता तिच्या कानावर गेला तर? म्हातारपणी, एवढी वर्षे सांभाळलेले तिचे कुंकू आपल्याच घरात, आपल्याच यंत्राने पुसायचे? त्यापेक्षा शेवट कापणारा हा परदेशी पाहुणा बरा.

एकादशीला ती दुपारीच आली. शेअर रिक्षातून उतरून चालत आलेली, घामाने भिजलेली. अंगणात निळे ड्रम ओळीने उभे होते. त्यांतल्या एकाची झाकणी उचलून तिने आत डोकावले.

"तुमच्याकडंबी खडखडाट दिसतुया, भाऊजी."

"टँकर आज येतो म्हनलाय, वैनी."

"आमच्याकडं तर परवापासून आजच येतोय." ती आत आली, श्रेयाने दिलेले पाणी अर्धेच प्याली आणि उरलेले तांब्यात परत ओतले. "धरणाचा पार तळ दिसतोय म्हनं. टीव्हीवर दावलं. जुनी देवळं वर आल्यात."

"व्हय. बुडालेलं समदं वर याया लागलंय," बद्रीनाथ म्हणाला, आणि आपण हे का बोललो असे त्याला झाले.

ती भिंतीला टेकून बसली. "लावा बरं. आदी ते असतानाचं लावा."

त्याने शहाऐंशी सालचे लावले. आपल्याच कॅसेटीतला, आपल्याच गावातला आवाज खोलीत भरला. कडूबाईने डोळे मिटले. पहिला अभंग संपत आला, दुसरा त्याच्यावर चढला. दुसरा संपला, तिसरा चढला. कडूबाईने डोळे उघडले.

"भाऊजी, याच्यात ते नायत."

बद्रीनाथ पडद्याकडे वळला. त्याने मागचा-पुढचा विचार केला होता, पण एवढा साधा विचार केला नव्हता. पुढच्या सालांतला कचरू झाकण्याच्या नादात त्याने आधीच्या सालांतला, जिवंत, हसणारा, कुलूप लावून येणारा कचरूही कापून टाकला होता. एकूण एक अभंगातून.

"हायेत की," तो चाचरला. "टाळ वाजत्यात ना..."

"ते लोकांचे. ह्यांचा मागून पडतो. मला काय येडी समजता?" तिने पदराने मान पुसली. "कुठं गेले ते? पहिल्या यंत्रावर यायचे की. ह्या सालातबी यायचे अन् पुढच्याबी."

खोलीत भजन चालूच होते. बद्रीनाथने हात पुढे करून आवाज बंद केला.

"पुढच्या कोनच्या, वैनी?"

"ब्याण्णवपासून म्होरं." ती सहज म्हणाली, जणू कुठली बस कधी सुटते ते सांगत होती. "चैताचं भजन तुमी लावलं व्हतं. पोरीचं लगीन ठरलं त्या साली. तवाच ऐकलं मी. मंग दर खेपेला मुद्दाम म्होरलं लावा म्हनायची. तुमी यंत्रावर वाकलेले असायचे. तुमाला काय ऐकू येतंय."

"इतकी वर्सं... मंग तुमी कुनाला बोलल्या न्हाय?"

"कुनाला बोलू? अन् काय बोलू?"

बद्रीनाथची नजर नकळत तिच्या कपाळाकडे गेली. तिने ती ओळखली.

"हे व्हय? म्हनत्यात समदे, बाई अजून आशेवर हाय. म्हनू द्या." ती जरा हसली. "दर शनवारी येऊन बसतंय ते मानूस. एक शनवार चुकला न्हाय. घरात ऱ्हात व्हतं तवा इतकं नेमानं घरी येत नव्हतं. येनाऱ्याचं कुंकू पुसून ठिवू कुठं मी?"

बद्रीनाथने श्रेयाला हाक मारली.

"पोरी, तो करडा प्लेअर परत बसवता येतो का?"

"येतो की. पण नाना, परवाच काढायला लावलात ना?"

"चुकलं माझं. बसव."

श्रेयाने ओले हात पुसले, खुर्ची ओढली आणि बसवून दिला. साधी करडी चौकट उघडली. आत बद्रीनाथने टंकलेली गावाची, सालाची, महिन्याची नावे एकाखाली एक उभी राहिली. अनोळखी कुणीच नव्हते.

"ह्याचं रूप काही बरं नाही," श्रेया म्हणाली.

"नसू दे," कडूबाई म्हणाली. "ऐकायचं हाय, पोरगी न्हाय द्यायची त्याला."

बद्रीनाथने ब्याण्णवचा चैत्र लावला. आधी नुसतीच खरखर आली. मग सतरंजी झटकल्याचा आवाज, कुणाचे खोकणे, "जरा सरकून बसा, जागा करा" असे कुणीतरी म्हणालेले. मृदंगावर हात पडला. अभंग उभा राहिला, टाळ चढत चढत गेले. कडूबाईने यावेळी डोळे मिटले नाहीत. ती पडद्याकडे बघत होती, रस्त्याकडे बघावे तशी.

अभंग ऐन रंगात आला आणि वीज गेली.

पंखा घरघरत थांबू लागला. पडदा काळा झाला. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली होती. सगळी मंडळी एका क्षणात गप्प झाली, मृदंग, टाळ, सगळे.

आणि मग एक ठोका पडला. फाटका.

श्रेया दारातच थबकली. "नाना, आत्ता काय वाजलं?"

"काय न्हाय," बद्रीनाथ म्हणाला. त्याचा हात टेबलाची कड धरून होता. "स्पीकरमधी जरा वीज उरलेली असंल."

श्रेयाने कॉम्प्युटरमागच्या वायरकडे पाहिले, मग त्या दोघांकडे, आणि आत गेली. रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजत होता आणि बाया हंडे घेऊन पळत होत्या.

कडूबाई उठली. टेबलाशी येऊन ती काळ्या पडद्यापुढे वाकली. घामाने तिचे कुंकू एका बाजूला ओघळले होते. काचेत बघत, घाई न करता, तिने अनामिकेने ते गोल करून घेतले.