डावं मशीन, उजवं मशीन

वेंगुर्ल्याहून रेडीकडे जाताना फाट्यावर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानात दोन कॉम्प्युटर. डावा वरच्या वाडीचा, उजवा खालच्या वाडीचा. विकत दोन्ही मीच घेतले, धूळ दोन्हींची मीच पुसते, पण हे गावात कुणाला पटवून दाखवा.

कारण जत्रेची पत्रिका. पालखीचे मानकरी नऊ. त्या नऊ जणांत पहिलं नाव कुणाचं, यावरून दोन्ही वाड्या अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. देव एक, जत्रा एक, तारीख एक, पत्रिका दोन. वरच्या वाडीच्या पत्रिकेत पहिले गुरुप्रसाद अण्णा, खालच्या वाडीच्या पत्रिकेत पहिले बाळाकाका. त्यांची यादी ज्या मशीनवर आहे तिथे आमची टाइप करायची नाही, ही दोघांचीही अट. दरवर्षी छपाईआधी अण्णा डाव्या मशीनपुढे नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात आणि झेरॉक्सला आलेली माणसं मुकाट्याने 'व्हय म्हाराजा' म्हणतात. दुसऱ्या दिवशी बाळाकाका उजव्यापुढे. दोन्ही नारळ माझ्या आमटीत जातात, तिथे ते भांडत नाहीत.

दोन्ही याद्यांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं: नववं नाव अजयचं. पालखीपुढे मशाल धरतो तो. त्याआधी त्याचे वडील धरायचे, तेही नववेच.

माझ्याआधी पत्रिका छापणाऱ्याने एका वर्षी दोन नावं उलटसुलट केली. दोन्ही वाड्यांनी त्याच्याकडे आधार कार्डाची झेरॉक्स काढणंसुद्धा बंद केलं. सहा महिन्यांत त्याने शटर ओढलं ते कायमचं. माझं एकटीचं घर या दुकानावर चालतं, म्हणून मी बोटांवर भरवसाच ठेवला नाही. टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये यादी साठवून ठेवली. एफ फोर दाबलं की नऊ नावं धाडकन उमटतात. डाव्यावर अण्णांची यादी, उजव्यावर काकांची.

या वर्षी माझी भाची संचिता पुण्याहून महिनाभर राहायला आली. ती सॉफ्टवेअर कंपनीत आहे, घरून काम करते, आणि घरी नेट धड चालत नाही म्हणून लॅपटॉप घेऊन माझ्या दुकानात ठाण मांडून बसली. कधीमधी गिऱ्हाइकाचा एखादा अर्जही टाइप करून द्यायची. तिसऱ्या दिवशी तिचं डोकं फिरलं.

"आत्या, डाव्यावर कीबोर्ड जुन्या टाइपरायटरचा, उजव्यावर दुसराच. डाव्यावर समास दीड इंच, उजव्यावर एक. एका मशीनला शिकवलेला शब्द दुसऱ्याला माहीतच नाही. ही दोन मशीनं एकमेकांशी बोलत नाहीत का?"

"नाहीत," मी म्हटलं. "अकरा वर्षं."

तिला वाटलं मी थट्टा करते आहे. सोमवारी तिने दोन्ही प्रोग्रॅमच्या सेटिंगच्या फाइली काढून एका सामाईक फोल्डरमध्ये टाकल्या. आता एका मशीनवर काही बदललं की दुसऱ्यावर आपोआप बदलणार. हे करताना तिने मला सगळं समजावलं होतं, हे मी नाकारत नाही. दोन्हीकडच्या फाइली वेगळ्या निघाल्या तर दोन्हींतल्या ओळी एकत्र करायच्या, दुहेरी आलेल्या काढून टाकायच्या आणि अकारविल्हे लावायच्या, असं ती म्हणाली. मी तेव्हा कुणाचा तरी चुरगळलेला सातबारा झेरॉक्सच्या काचेवर सरळ करत होते. म्हटलं, "लाव बाई काय लावायचंय ते."

मंगळवारी अण्णांचा नारळ झाला, बुधवारी काकांचा. मी डाव्यावर एफ फोर दाबलं, उजव्यावर एफ फोर दाबलं. तारीख, वार, महाप्रसादाची वेळ तीन-तीनदा वाचली. नावं वाचली नाहीत. अकरा वर्षांत ती कधी बदललीच नव्हती. दोनशे पत्रिका वर गेल्या, दोनशे खाली.

गुरुवारी सकाळी शटर अर्धं वर केलं तर पलीकडे पायांचे दोन जोड. एकात अण्णांच्या कोल्हापुरी, दुसऱ्यात काकांच्या रबरी चपला. हे दोन जोड एका पायरीवर मी कधी बघितले नव्हते.

"सुगंधा, ह्यां काय गो?" अण्णांनी पत्रिका नाचवली. "अजय पयलो, आणि मी चवथो?"

"तू चवथो तरी आसस," बाळाकाका म्हणाले. "माका सहावो करून ठेवल्यान."

अकरा वर्षांत ते अण्णांशी बोललेले हे पहिलंच वाक्य. ते लक्षात येताच दोघंही दचकले आणि मग माझ्यावर दुप्पट ओरडू लागले.

मी दोन्ही पत्रिका शेजारी शेजारी धरल्या. सगळं कळलं: दोन्हींवर एकच यादी, 'अ'पासून लावलेली. शिरा पडली त्या अकारविल्हेवर! संचिताकडे बघितलं, ती पांढरीफटक. मी हात जोडले, चूक कबूल केली, संध्याकाळपर्यंत नव्या छापून देते म्हणाले. आवाज इतका मऊ काढला की माझा मलाच राग आला. पण डोळ्यांपुढे त्या आधीच्या छापणाऱ्याचं बंद शटर दिसत होतं.

तेवढ्यात अजय आला. दारातच चप्पल काढली, जसा देवळात काढतो. दोघांना बघून जरा बिचकला, मग सरळ माझ्याशीच बोलला.

"वयनी, ह्या चुकान झाला, माका म्हायत आसा. तू नव्यो छापतलंस. पण ह्यो जाळूच्या आदी दोन माका दी. बाबांच्या फोटोफुडे ठेवतलंय."

अण्णा पंख्याकडे बघू लागले. काका लॅमिनेशनच्या मशीनकडे. मला खरंच लाज वाटली. अकरा वर्षं मी एका बटणाने त्याला नववा छापत होते, दोन दोन मशीनवर, आणि चूक होऊ नये म्हणून देवाला हात जोडत होते.

"मगे माझी जुनी यादी घाल आता," अण्णा हळू आवाजात म्हणाले.

"आणि माझी मगे खंय जातली?" काका उसळले.

संचिताने तोंड उघडलं. "जुन्या दोन्ही याद्या माझ्याकडे..."

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला, चांगला टाच रोवून. ती कळवळून गप्प झाली.

"जुन्यो याद्यो गेल्यो," मी म्हटलं. मऊ आवाजही त्यांच्याबरोबर गेला होता. "आता दोनय मशीनांवर एकच यादी रवतली. पयलो कोण, ता तुम्ही दोघांनी एका तोंडान सांगा. आताच्या आता छापतंय."

अण्णांनी घसा खाकरला.

"बाळा सोडून कोणय चलात."

"गुरुप्रसाद सोडून कोणय," काका म्हणाले.

"मगे छापला हा तसाच रवांदे?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांना डोळ्यांनी मोजलं. पुन्हा छापायचं तर दोघांतल्या एकाला दुसऱ्याच्या मागे उभं राहायला लागणार, आणि तेही गावासमोर.

"रवांदे," अण्णा म्हणाले. "बाळापेक्षा अजय बरो."

"माझाय ताच म्हणणा," काका म्हणाले, आणि अण्णांशी आपलं एकमत झालं म्हणून तोंड कडू केल्यासारखे निघून गेले. त्यांच्यामागून थोडं अंतर ठेवून अण्णा.

संचिता पाय चोळत होती. "आत्या, ती एक फाइल वगळली की बाकी सगळं जुळलेलं राहील. याद्या पुन्हा वेगळ्या होतील. दोन मिनिटांचं काम."

"जुन्या याद्या पुसून टाक," मी म्हटलं. "तुझ्या लॅपटॉपवरच्यासुद्धा."

मी अजयला दोन पत्रिका दिल्या. तो जाईना.

"वयनी, ह्यो दोनय वरच्या वाडीच्यो मां? माका एक खालची होयी."

"दोन्ही सारख्योच आसत रे."

त्याला ते पटलं नाही. उजव्या मशीनशेजारच्या उरलेल्या गठ्ठ्यातून त्याने स्वतः एक पत्रिका उचलली, हातातल्या पत्रिकेशेजारी धरली आणि ओठ हलवत वाचू लागला. दोन्हीकडे पहिल्या नावावर बोट ठेवून तो तिथेच थांबला. नववं नाव त्याने वाचलंच नाही.